इंगवले सरांवरचा परिच्छेद

"मोहितेबाई, तुमच्या प्रबंधात चोरी सापडलीय," इंगवले सर म्हणाले आणि त्यांनी हातातला कागद माझ्यापुढे टाकला.

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. "सर, देवाशपथ सांगते, एकेक फ्लेक्स मी स्वतः उन्हात उभं राहून उतरवून घेतलाय. आमच्या ह्यांना विचारा. गाडीवर मागं बसून बसून—"

"फ्लेक्सचं कोण म्हणतंय? प्रबंध चोख आहे. चोरी ऋणनिर्देशात आहे."

मी कागद बघितला. विद्यापीठाच्या यंत्रानं सगळा प्रबंध तपासला होता आणि त्याला जवळजवळ काहीच सापडलं नव्हतं. फक्त सुरुवातीची दोन पानं, जिथं मी सगळ्यांचे आभार मानले होते, ती अशी लालभडक झाली होती की अक्षर दिसेना.

आता हे तुम्हाला नीट सांगायला हवं. मी तेव्हा संस्थेच्या हायस्कूलात कंत्राटी मराठी शिकवत होते आणि संस्थेच्याच कॉलेजात एम.ए. करत होते. एम.ए. झालं की कायम करतो, असं अध्यक्ष आप्पासाहेब नलवडे यांनी चार लोकांत सांगितलं होतं. एम.ए.साठी एक लघुप्रबंध लिहायचा होता. मी विषय घेतला 'वाढदिवसाच्या फ्लेक्सवरची मराठी'. प्रबंध शनिवारी विद्यापीठात पोचला नाही, तर वर्ष गेलं आणि जागा कुणाच्या तरी भाचीच्या घशात गेली. हे मला माहीत होतं, सरांना माहीत होतं, आणि ती भाची कोण हेसुद्धा सगळ्या शाळेला माहीत होतं.

ऋणनिर्देश मी कुठून आणला होता? आमच्या कॉलेजात सगळे आणतात तिथून. आधीच्या वर्षीच्या मुलीकडून. तिनं तिच्या आधीच्या मुलाकडून. वीस-बावीस वर्षं तीच दोन पानं या हातातून त्या हातात चालली होती. नावं तेवढी बदलायची, तीही आठवण राहिली तर. सर 'पितृतुल्य', प्राचार्य 'ज्ञानाचा अथांग सागर', आप्पासाहेब 'शिक्षणमहर्षी'. शेवटी 'सुबक टंकलेखन करून देणारे श्री. मगर' यांचेही आभार. मगरांनी टायपिंगचं दुकान कधीच बंद करून रसवंती टाकली होती. तरी दर वर्षी सगळे त्यांचे टंकलेखनाबद्दल आभार मानायचे आणि तेही बिचारे समारंभाला येऊन फूल घेऊन जायचे.

हो, समारंभ. तो आमच्याच कॉलेजात असायचा. प्रबंध विद्यापीठात पाठवायच्या आदल्या दिवशी सभागृहात ऋणनिर्देशाचं जाहीर वाचन. ज्याचं नाव येईल त्यानं उठायचं, फूल घ्यायचं, टाळ्या. प्रबंधात काय आहे ते कुणी विचारत नसे. ऋणनिर्देश मात्र कान टवकारून ऐकत, कारण कुणाला किती ओळी मिळाल्या यावरून पुढं वर्षभर बोलणी व्हायची. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, तो आमचा मोती.

"सर, ही चोरी काय फक्त माझी आहे का? सगळ्यांनी—"

"सगळे निसटले. यंत्र या वर्षी आलं. नवीन लिहा. आणि हे बघा." सरांनी दुसरा कागद काढला. "विद्यापीठाचं परिपत्रक. ए.आय.ची मदत घेतली असेल तर ती ऋणनिर्देशात सांगायची. नुसतं 'मदत घेतली' चालणार नाही. कुठलं साधन, कुठल्या तारखेला, काय विचारलं, त्यानं काय दिलं, कुठल्या परिच्छेदात वापरलं. तुम्ही वापरलंय का?"

"फ्लेक्सवरचे शब्द मोजायला वापरलं सर. 'भावी आमदार' किती वेळा, 'किंगमेकर' किती वेळा."

"मग लिहा तसं. सविस्तर. मला तळटीप अर्धवट चालत नाही, माहिती आहे ना?"

माहिती नसायला काय झालं! इंगवले सर म्हणजे तळटिपांचे जमदग्नी. एका मुलानं पुस्तकाचं प्रकाशनवर्ष लिहिलं नाही म्हणून त्याचा अख्खा प्रबंध त्यांनी खिडकीतून खाली टाकला होता. खाली प्राचार्य उभे होते. पुढच्या महिन्यात सर निवृत्त होणार होते, मी त्यांची शेवटची विद्यार्थिनी, आणि जाता जाता ते तळटिपेत तसूभरही सूट देणार नव्हते.

घरी आले. शाळेचे पेपर तपासायचे, कणीक मळायची, धाकटीचं प्रोजेक्ट. त्यात आता नऊ माणसांची नवीन स्तुती कुठून आणू? वाढदिवसाचे दोनशे फ्लेक्स वाचून माझ्या डोक्यातलं सगळं कौतुक आधीच संपलं होतं. मी मोबाइल घेतला आणि ए.आय.ला सांगितलं, अमुक माणूस असा असा आहे, त्याच्याबद्दल चांगलं लिही. एकेकाला एकेक परिच्छेद. चपाती फुगेपर्यंत आप्पासाहेब तयार.

सरांच्या वेळी मी लिहिलं, "माझे गाइड फार कडक आहेत, सगळं तपासतात, ओरडतात, आता रिटायर होणार आहेत, त्यांच्याबद्दल आठ ओळी लिही, रडू येईल अशा." आणि त्यानं लिहिलं, बाई! "काही शिक्षक शिकवून जातात, काही आपल्यात राहून जातात. सरांच्या रागामागे एक दिवा तेवत असतो आणि त्या उजेडात आपली चूक आपल्याला लाज न वाटता दिसते." अशा आठ ओळी. माझ्या तोंडून असलं वाक्य सात जन्मांत निघालं नसतं.

दुसऱ्या दिवशी मी कागद सरांपुढं ठेवला. यादीही ठेवली, कोणते परिच्छेद ए.आय.ने लिहिले त्याची. अजून कच्चीच होती ती. प्राचार्यांपर्यंत पोचले होते आणि धाकटी पडली म्हणून उठले होते. सरांचं राहिलं होतं.

सर वाचत गेले. 'भाषा फुगलीय' म्हणाले, 'इथं स्वल्पविराम' म्हणाले. मग त्यांच्यावरचा परिच्छेद आला. सरांनी चष्मा काढला. पुसला. परत घातला. पहिल्यापासून परत वाचलं.

"यादीत हा परिच्छेद नाही," ते म्हणाले.

"सर, ती यादी—"

"म्हणजे हा तुम्ही लिहिलात." त्यांनी कागदावरून हात फिरवला. "मोहितेबाई, पस्तीस वर्षं नोकरी केली. दर वर्षी 'पितृतुल्य' ऐकलं. एका पोरीनं तर गेल्या वर्षीच्या गाइडचंच नाव ठेवलं होतं, मी तेच ऐकून फूल घेतलं. असं माझ्याबद्दल कुणी..." ते उठून खिडकीशी गेले आणि उगाचच बाहेरच्या सायकली बघत उभे राहिले.

"सर, चहा सांगू?" एवढंच माझ्या तोंडून निघालं.

"सांगा. साखर घालून सांगा," सर म्हणाले. सरांना मधुमेह होता.

इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते हेच. यादीत सरांचा परिच्छेद घातला, तर पस्तीस वर्षांत त्या माणसाला पहिल्यांदा जे गोड लागलं ते यंत्राचं होतं, हे भर सभागृहात मी वाचून दाखवणार. नाही घातला, तर यादीखाली 'वरील माहिती खरी व पूर्ण आहे' असं लिहून सही करायची होती. ती सही खोटी आणि तीही इंगवले सरांच्या हाताखाली.

त्यात दुष्काळात तेरावा महिना म्हणजे आप्पासाहेब. ऋणनिर्देश समारंभाआधी त्यांच्या नजरेखालून जायचा. मला बंगल्यावर बोलावणं आलं. आप्पासाहेब झोपाळ्यावर बसले होते. बोटानं ओळी मोजत होते.

"बाई, आम्हाला किती ओळी?"

"बारा, आप्पासाहेब."

"आणि हे कोण, ए.आय.? यांना एकोणीस?"

"ते माणूस नाही आप्पासाहेब. कॉम्प्युटरचा प्रोग्राम आहे. विद्यापीठानं सविस्तर लिहायला सांगितलंय."

"प्रोग्रामला एकोणीस आणि संस्था काढणाऱ्याला बारा? लोक काय म्हणतील? आमचं वाढवा."

वाढवलं. म्हणजे ए.आय.कडूनच वाढवून घेतलं, कारण आप्पासाहेबांबद्दल तेराव्या ओळीत काय लिहावं हे मला सुचेना. आप्पासाहेब पंचवीस ओळींचे झाले. आता वाढवून घेतलं हेही सांगायला हवं. तारीख, प्रश्न, उत्तर. ए.आय. झालं एकतीस. आप्पासाहेब म्हणाले, आमचं अजून वाढवा. आप्पासाहेब चाळीस, ए.आय. सत्तेचाळीस. दोन दिवस मी शाळा ते बंगला अशा खेपा घालत होते. आप्पासाहेबांच्या बालपणी त्यांनी विहिरीत पडलेली शेळी काढली, इथपर्यंत मजकूर गेला. ती शेळी खरी का ए.आय.नं काढली, हे मला आजही माहीत नाही. ऋणनिर्देश प्रबंधाच्या निम्मा झाला.

"आप्पासाहेब, हे असं कधी संपणारच नाही," शेवटी मी हात जोडले. "तुमचं वाढवलं की त्याचं आपोआप वाढतंय."

आप्पासाहेबांनी झोपाळा थांबवला. असला माणूस राजकारणात चाळीस वर्षं उगाच टिकत नाही. थोडा विचार करून म्हणाले, "आमच्या विरोधात उभा राहणारा माणूस जड जायला लागला की आम्ही काय करतो, बाई?"

"काय करता?"

"आपल्यात घेतो." त्यांनी आत हाक मारली. "अहो, पावतीपुस्तक आणा. ए.आय. यांना संस्थेचे आजीव सभासद करून घ्या. पत्ता संस्थेचाच घाला. आता यांचं कौतुक ते संस्थेचं कौतुक आणि संस्थेचं ते आमचं. वाढू द्या त्यांच्या ओळी. समारंभात त्यांचा सत्कारही ठेवा. शाल चांगली आणा, गेल्या वेळसारखी टोचणारी नको."

मी पायऱ्या उतरून येईपर्यंत पावती फाटली होती. माझ्या नोकरीवरचं एक संकट टळलं होतं आणि मला हसावं का रडावं कळत नव्हतं.

राहिले सर. गुरुवारी संध्याकाळी मी ह्यांच्यापुढं सगळं ओकले. हे शेंगा सोलत बसले होते.

"सांगून टाक सरांना," हे म्हणाले.

"तुम्ही त्यांचा चेहरा बघितला असता म्हणजे असं म्हणाला नसता. साखरेचा चहा प्यायले ते."

"मग तो परिच्छेद काढ आणि स्वतः लिही. मराठीची मास्तरीण ना तू?"

उचलली जीभ लावली टाळ्याला. पण बोलणं बरोबर होतं. माझं मी लिहिलं तर यादीही खरी आणि सही खरी. सरांना माझ्याकडून खरंच काहीतरी मिळेल. मी कागद घेऊन बसले. 'काही शिक्षक' असं लिहिलं आणि खोडलं. 'दिवा' लिहिलं आणि खोडलं. काय करू, ते आठ ओळींचं सारखं डोळ्यांपुढं नाचत होतं आणि त्यापुढं माझं सगळं पाणचट. शेवटी दोन ओळी झाल्या. त्या खऱ्या होत्या. मी पान बदललं, यादी पूर्ण केली, खाली सही ठोकली आणि हलकी होऊन झोपले.

शुक्रवारी सभागृह भरलं होतं. व्यासपीठावर मधोमध आप्पासाहेब, त्यांच्या उजवीकडं प्राचार्य आणि डावीकडं खुर्चीत कॉलेजचा लॅपटॉप. लॅपटॉपला शाल पांघरली, पुढं नारळ ठेवला, पोरांनी शिट्ट्या मारल्या. आप्पासाहेबांनी दोन शब्द बोलताना 'आमचे नवे सहकारी' असा उल्लेख केला. रसवंतीवाले मगर पहिल्या रांगेत होते. त्यांचं नाव या वेळी नव्हतं, पण सवयीनं आले होते, म्हणून कुणीतरी त्यांनाही फूल दिलं.

इंगवले सर दुसऱ्या रांगेत बसले होते. इस्त्रीचा नवा शर्ट, केस तेल लावून बसवलेले. मी वाचायला उभी राहिले तेव्हा त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि हात मांडीवर ठेवून डोळे मिटले. ऐकायला तयार होऊन बसले होते हो ते!

आप्पासाहेबांची शेळी झाली, टाळ्या झाल्या. प्राचार्य झाले. मग मी वाचलं, "प्रा. इंगवले सरांनी माझा प्रत्येक कागद वाचला. चुकलं तिथं ओरडले आणि बरोबर होतं तिथं काही न बोलता पुढचं पान उलटलं."

मी थांबले. सरांनी डोळे उघडले. अजून काही येतंय का म्हणून जरा वाट बघितली. मग उठले, फूल घेतलं, सगळ्यांकडं बघून मान हलवली आणि खाली बसले. टाळ्या नेहमीएवढ्याच झाल्या. आप्पासाहेबांना चाळीस ओळी, लॅपटॉपला सत्तेचाळीस आणि माझ्या सरांना दोन. मला असं शरमल्यासारखं झालं की पुढची पानं कशी वाचली ते माझं मला ठाऊक.

समारंभ झाल्यावर सहीसाठी प्रबंध घेऊन मी त्यांच्या खोलीत गेले. सरांची सही झाल्याशिवाय तो दुसऱ्या दिवशी हलणार नव्हता. सर टेबलापाशी फूल ठेवून बसले होते.

"ते आधीचं कुठं गेलं?" त्यांनी सरळच विचारलं.

"काढलं सर."

"का? चांगलं होतं. हे..." त्यांनी प्रबंध उघडून माझ्या दोन ओळींवर बोट ठेवलं. "हे बरोबर आहे. चूक काही नाही. पण मी ओरडतो हे सभागृहात सांगायची काय गरज होती? आधीचं जास्त चांगलं होतं."

"सर, ते मी लिहिलं नव्हतं."

बोलून गेले एकदाची. सरांनी प्रबंध मिटला. बाहेर पोरं लॅपटॉपवरची शाल ओढून फोटो काढत होती, त्यांचा आरडाओरडा ऐकू येत होता. मला वाटलं, आता प्रबंध खिडकीतून जाणार. गेला असता तरी मी काही बोलले नसते.

"मला वाटलंच होतं," सर म्हणाले. "तुमच्या वाक्यात दिवे तेवत नाहीत."

"मी त्याच दिवशी सांगायला हवं होतं सर. पण तुम्ही एवढे—"

"काय विचारलं होतंत त्याला?"

"सर?"

"प्रश्न काय होता? प्रश्न दिल्याशिवाय संदर्भ पुरा होत नाही. नेमके शब्द सांगा."

मी सांगितले. मोबाइल काढून जसेच्या तसे वाचून दाखवले. माझे गाइड फार कडक आहेत, सगळं तपासतात, ओरडतात, आता रिटायर होणार आहेत. आठ ओळी लिही, रडू येईल अशा.

"'सगळं तपासतात' हे तुम्हीच सांगितलंत ना?"

"मी सांगितलं सर."

"आणि 'रडू येईल अशा'?"

"तेपण मीच."

"हं." सरांनी प्रबंध पुढं ओढला आणि सही केली. मग म्हणाले, "तो जुना कागद आहे का?"

पर्समध्ये होता. घडी पडलेला, कोपऱ्याला तेल लागलेलं. सरांनी तो टेबलावर सपाट केला, आठ ओळींच्या शेवटी बारीक एक आकडा घातला, खाली पट्टीनं रेघ मारली आणि तळटीप लिहायला घेतली. साधनाचं नाव, तारीख, विचारणारी व्यक्ती, नेमका प्रश्न अवतरणचिन्हांत, पूर्णविरामासकट. मी बघत होते. त्यांचं अक्षर पस्तीस वर्षांच्या फळ्यावरचं, एक वेलांटी इकडची तिकडं नाही. माझं ते घाईतलं चुलीपाशी लिहिलेलं वाक्य त्या अक्षरात कसं दिसत होतं, काय सांगू!

शाई वाळेपर्यंत त्यांनी फुंकर मारली आणि कागदाची घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला.

"घरी हिला वाचून दाखवतो. सकाळपासून विचारतेय, काय म्हणणार आहेत म्हणून."

"तळटिपेसकट, सर?"

सर दारापर्यंत गेले होते. तिथं थांबले, खिशावर हात ठेवला आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "तळटिपा कोण वाचतं गं?"